मयतीचा हलवा

सांगवीतला फ्लॅट घेतला तेव्हा मी आईला सांगितलं होतं की इथे सगळी शिकलेली माणसं राहतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तालुक्याच्या बसस्टँडसमोर, लातूरकडे. शिक्षण म्हणजे काय, ते माणसाला काय करतं, याबद्दल आमच्या घरात फार मोठी श्रद्धा होती आणि ती मी बरोबर घेऊनच पुण्याला आले. वसतिगृहाने मला जेवू घातलं, विद्यापीठाने कमवून शिकू दिलं, चाकणच्या कंपनीने नोकरी दिली. या सगळ्यांचे उपकार मी मानते, आजही मानते. पण शिकलेल्या माणसांबद्दल जे मला वाटायचं ते आता वाटत नाही, आणि ते कशामुळे गेलं हे मला नेमकं सांगता येतं. एका ताटभर हलव्यामुळे गेलं.

आमच्या मजल्यावर, अगदी समोरच्या दारात, एक अफगाण जोडपं भाड्याने राहायला आलं. ती विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएचडी करत होती. शिष्यवृत्तीवर आली होती, आणि ती इथे असतानाच तिकडे सत्ता बदलली. तिच्या देशात मुलींना कॉलेजची दारं बंद झाली. नवरा काबूलमध्ये शाळेत गणित शिकवायचा. इथे त्याला नोकरी करायची परवानगी नव्हती, म्हणून तो घर सांभाळायचा. भाजी आणायचा, नान लाटायचा, संध्याकाळी ती येईपर्यंत गॅलरीत उभा राहायचा. इमारतीतल्या पुरुषांना याची गंमत वाटायची. "भावा, आज काय मेन्यू?" असं लिफ्टमध्ये विचारायचे आणि तो खरंच सगळा मेन्यू सांगायचा.

आईची आणि तिची गट्टी माझ्याआधी जमली. आईला हिंदी फारशी येत नाही, तिला मराठी येत नव्हती. पण दरवाजा, बाजार, कागद, रुमाल, पोशाख, हे शब्द तिच्या भाषेतही होते. एकदा आई तिला म्हणाली, "लई हुशार हायेस बाई." ती थबकली आणि म्हणाली की हुशार आमच्याकडेही हुशारच. त्या दिवसापासून ती आईला खालाजान, म्हणजे मावशी, म्हणायला लागली आणि आई तिला लेकी. मी कंपनीतून यायचे तेव्हा बऱ्याचदा ती आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी असायची. तिचे वडील तिकडे नान भाजायचे, गल्लीच्या कोपऱ्यावर भट्टी होती त्यांची. नातेवाईक नको म्हणत असताना त्यांनी हिला शिकवलं. शाळेत स्वतः सोडायला जायचे, पिठाने भरलेल्या अंगानेच. हे तिने सांगितलं तेव्हा मी माझ्या वडिलांचं सांगितलं. ते मला दहावीच्या परीक्षेला सायकलवर डबलसीट न्यायचे आणि पेपर संपेपर्यंत केंद्राबाहेर थांबायचे.

तिच्यासाठी ते समोरचं घर म्हणजे नुसतं घर नव्हतं. परदेशी माणसाला इथे राहायचं तर पत्त्याची नोंद लागते, घरमालकाचा करार लागतो. तिची राहण्याची मुदत थोड्याच महिन्यांत संपणार होती आणि ती वाढवून घ्यायची तर पत्ता पक्का पाहिजे. पत्ता गेला तर मुदतवाढ अडकणार. मुदतवाढ अडकली तर परत जायचं. आणि परत जायचं म्हणजे प्रबंध अर्धवट टाकून अशा ठिकाणी जायचं, जिथे तिला ग्रंथालयात पाऊलसुद्धा टाकता येणार नव्हतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, अगदी शांतपणे, चहात वेलदोडा ठेचता ठेचता.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारी मी संध्याकाळी भाजी घेऊन घरी आले तर टेबलावर बशीत नानचे तुकडे होते आणि त्यांच्यावर जाडसर हलवा पसरलेला. गव्हाच्या पिठाचा, तेलात चांगला तांबूस भाजलेला, वेलदोड्याचा आणि गुलाबपाण्याचा वास येणारा. आई म्हणाली, "समोरच्या पोरानं आणून दिलंय. समद्या बिल्डिंगीत वाटत फिरायलाय. काहीतरी गोड झालंय बघ पोरीचं."

मी एक तुकडा खाल्ला. फार चांगला झाला होता. मोबाईल उघडला तर सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला होता, केक आणि फुगे. त्या ग्रुपवर फक्त फ्लॅटमालक आहेत, भाडेकरू नाहीत, त्यामुळे ज्यांचं अभिनंदन चाललं होतं त्यांना ते दिसतही नव्हतं. पण कुणाला त्याचं काय. वरच्या मजल्यावरच्या एकांनी लिहिलं होतं की काबुली हलवा म्हणजे एक नंबर, अजून असेल तर पाठवा. सोसायटीचे अध्यक्ष, जे एका मोठ्या कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आहेत, त्यांनी लिहिलं होतं की आपल्या इमारतीचं हेच वैशिष्ट्य आहे, जगभरातून लोक येतात आणि एका कुटुंबासारखे राहतात. त्याखाली बरेच अंगठे.

आईने मनाशी ठरवून टाकलं की पोरीला दिवस गेलेत. एवढ्या घरांत गोड वाटतात म्हणजे दुसरं काय असणार. कपाटातून तिने नवा खण काढला, नारळ घेतला. कुंकू चालेल का, असं मला विचारलं आणि मग स्वतःच नको म्हणाली. आम्ही समोरची बेल वाजवली.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. बाहेर चपलांची गर्दी होती. आत भिंतीला लागून गाद्या टाकल्या होत्या आणि त्यांच्यावर त्यांच्याकडची काही मुलंमुली बसली होती, विद्यापीठातली. एकजण हलक्या आवाजात कुराण वाचत होता. ती मध्ये बसली होती, पांढरी ओढणी घेऊन, आणि तिचा चेहरा ओळखू येत नव्हता इतका सुजला होता. मी अजून काही समजायच्या आत आईला समजलं होतं. खण आणि नारळ तिने पदराखाली सरकवला. तो हात तिने शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने त्या पोरीचं डोकं जवळ घेतलं.

तिचे वडील गेले होते, दोन रात्रींपूर्वी, काबूलमध्ये. भट्टीवरच कोसळले. जाणं शक्यच नव्हतं, गेली तर परत येता आलं नसतं. त्यांच्यात घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने हलवा करतात, नानवर ठेवतात आणि शेजाऱ्यांना वाटतात. शेजाऱ्याने घास खाल्ला, त्याच्या तोंडून दुआ निघाली, की ती गेलेल्या माणसाला पोचते. हे मला तिच्या नवऱ्याने हिंदीत समजावून सांगितलं. मग जरा अडखळून त्याने विचारलं की इथे मयतीच्या वेळी अभिनंदन म्हणायची पद्धत आहे का, कारण बरेच जण तसं म्हणाले. अध्यक्ष तर म्हणाले होते, असंच तोंड गोड करत राहा.

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

घरी आल्यावर आईने आधी डोक्यावरून पाणी घेतलं. मयतीचं म्हणजे सुतक आलंच, ती त्यातून सुटणारी नाही. मग म्हणाली, "ज्यांच्या घरात मयत झालीय त्यांनीच चूल पेटवायची, असं कुठं असतंय व्हय? आपण काय मेलाव का?" आमच्याकडे मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकऱ्या थापून समोर देऊन आली. नंतर ज्वारीचा डबा घेऊन खाली दळण टाकायला निघाली तेव्हा लिफ्टमध्ये तिला अध्यक्षांच्या पत्नी भेटल्या. आईने त्यांना सगळं सांगितलं. तिचा हेतू एवढाच की बाकीच्यांनीही जाऊन भेटावं, पोरगी एकटी आहे, आईबापाकडचं कुणी नाही इथे. पण ऐकताच त्या बाई त्याच लिफ्टने परत वर गेल्या. त्यांच्या सुनेला सातवा महिना चालू होता. सुनेने तो हलवा मागून मागून खाल्ला होता.

एवढं मी मान्य करते की त्यांना खरोखर भीती वाटली असेल. पोटुशी बाई आणि मयतीचं अन्न, हे आमच्या गावाकडेही लोकांना चाललं नसतं. त्या घाबरल्या याचा मला राग नाही. पुढचं सगळं भीतीचं नव्हतं, तेव्हा ते सांगते.

दुपारपर्यंत ग्रुपवरचे केक आणि फुगे पुसले गेले होते. ज्यांनी टाकले त्यांनीच आपापले डिलीट केले. त्यांच्या जागी प्रश्न आले. हे आधी का सांगितलं नाही. हे मुद्दाम केलं का. त्यांच्यात काय काय करतात कुणाला माहीत. एकाने लिहिलं की आमच्या मुलाला रात्री उलटी झाली. त्यावर दुसऱ्याने लिहिलं की आमच्याही पोटात गडबड आहे. आदल्या दिवशी खाल्लेला हलवा एकाच दुपारी सगळ्यांना बाधला.

शनिवारी सकाळी कंपनीच्या बससाठी मी खाली उतरले तर फाटकाजवळचा ओल्या कचऱ्याचा डबा वाहत होता. लोकांनी फ्रीजमध्ये ठेवलेला उरलासुरला हलवा आणून टाकला होता. डब्यात जागा राहिली नाही तसा बाजूला, नुसता फरशीवर. काही नान पिशवीत बांधलेले, काही तसेच, त्यावर भाजीची देठं आणि चहाचा चोथा. माश्या बसल्या होत्या. कुणीतरी जिन्याच्या पायऱ्यांवर गोमूत्र शिंपडलं होतं आणि गुलाबपाण्याचा वास, गोमूत्राचा वास आणि आंबलेल्या भाजीचा वास मिळून जे काही झालं होतं ते मला अजून नाकात जाणवतं. झाडूवाल्या मावशी नाकाला पदर लावून ते खरडत होत्या.

त्याच जिन्याने तीही विद्यापीठात गेली असणार. तिने तो डबा पाहिला की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीची तातडीची सभा ठेवली. रविवार आमच्या कंपनीत कामाचा दिवस, मी रजा टाकली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, चहा होता, बिस्किटं होती. अध्यक्ष फार चांगलं बोलतात. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की विषय धर्माचा नाही, हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं. विषय पारदर्शकतेचा आहे. मयतीचं अन्न आहे एवढं सांगितलं असतं तर ज्याला खायचं त्याने खाल्लं असतं. हे बोलताना ते कंपनीत बोलत असतील तसे हातातला पेन उघडझाप करत होते.

मागून कुणीतरी म्हणालं, "राव, त्या हलव्यात काय काय घालत असतील देव जाणे."

"तू गप रे भाऊ, तू तर दोनदा मागून घेतलास," दुसरा म्हणाला, आणि बरेच जण हसले. चहा फिरत होता. मला वाटतं, त्या हसण्यापर्यंत मी अजून आशेवर होते. हसतायत म्हणजे निवळेल, असं मनात आलं होतं. पण हसून झाल्यावर यादी सुरू झाली. त्यांच्याकडे पाहुणे फार येतात. नान भाजताना धूर होतो. नवरा दिवसभर गॅलरीत उभा असतो, समोरच्या इमारतीत बायका राहतात. परवा कुणी दाढीवाला आला होता. उद्या पोलीस आले तर जबाबदार कोण.

तिच्या नवऱ्याला खाली बोलावून घेतलं. त्याला बसायला खुर्ची कुणी दिली नाही, पण त्याला ते कळलंही नसावं. तो उभाच राहिला, इस्त्रीचा शर्ट घालून. अध्यक्षांनी त्याला हिंदीत समजावलं की तुमच्यामुळे लोकांच्या भावना दुखावल्या. तो लक्षपूर्वक ऐकत होता, गणित समजावून घ्यावं तसा. मग त्याने दोन्ही हात जोडले. हात जोडायला तो इथेच शिकला होता, त्यामुळे ते जरा उंच, कपाळाजवळ गेले. तो म्हणाला की आमच्याकडून चूक झाली, आम्हाला इथली रीत माहीत नव्हती, सगळ्यांनी माफ करावं. तो हे मनापासून म्हणत होता. आपण खरंच काहीतरी वाईट केलं, असं त्याला वाटत होतं.

अध्यक्षांनी मान हलवली आणि म्हणाले की आम्ही मोठ्या मनाची माणसं आहोत, झालं गेलं विसरलो. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या मी विसरू शकत नाही. बापाच्या मरणाचं दुःख वाटायला आलेल्या घरातल्या माणसाने माफी मागितली, आणि ती स्वीकारल्याबद्दल लोकांनी स्वतःचंच कौतुक केलं. माझ्या शेजारी अध्यक्षांची सून बसली होती, हिंजवडीला आयटीत आहे, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. तीही टाळ्या वाजवत होती, हळू, बोटांनी, खाली बघत.

मी उठले. मला सभेत बोलायची सवय नाही, कंपनीत मी मोजमापाची कामं करते, मशीनशी बोलणं सोपं असतं. मी एवढंच विचारलं की तेराव्याला आपण गोड जेवण करतो, लाडू वाढतो, आपण नाही का ते खात?

"ते आपलं असतं हो," अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. अगदी सहज, समजूत घातल्यासारखं. बहुतेकांना ते उत्तर वाटलं.

ती खाली कधी आली कुणाला कळलं नाही. लिफ्टच्या दाराशी उभी होती. मराठी ती तोपर्यंत थोडी शिकली होती, आईकडून आणि विद्यापीठातल्या मुलींकडून, आणि ती मराठीत बोलली, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं.

"माझे वडील गेले. मी तिकडे जाऊ शकले नाही. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी खावं लागतं. इथे माझे शेजारी तुम्ही आहात, दुसरं कोणी नाही."

मग अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या की ते सगळं बरोबर आहे बाई, आम्हालाही वाईट वाटतंच, पण माझ्या सुनेच्या पोटातल्या बाळाला काही झालं असतं तर? आणि अध्यक्षांनी ठराव वाचला. संबंधित जागामालकांनी महिनाअखेर फ्लॅट रिकामा करून घ्यावा. बरेच हात वर झाले. काही जण चहाचा कप शोधत असल्यासारखे खाली वाकले, ते विरोधात होते की बाजूने, ते त्यांनाच माहीत. मी विरोधात हात वर केला. माझा एकटीचा होता, पण होता, आणि अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं होतं.

संध्याकाळी ग्रुपवर आलं की ठराव सर्वानुमते मंजूर. मी लिहिलं की सर्वानुमते नाही, माझा विरोध होता. अध्यक्षांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्यानंतर कुणीतरी पाण्याच्या टाकीच्या सफाईबद्दल विचारलं आणि विषय संपला.

जागामालक जुन्या सांगवीतले आहेत. त्यांच्या शेतावर आमची इमारत उभी राहिली, त्या बदल्यात त्यांना काही फ्लॅट मिळाले. त्यांच्याकडून मला आशा होती, कारण ते दर महिन्याला भाडं घ्यायला स्वतः यायचे आणि जेवूनच जायचे. मी आणि आई त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा केला, आणि सगळं ऐकून घेतलं.

"मला काय बी अडचण न्हाई बघा ताई," ते म्हणाले. "मानसं सोन्यासारखी हायेत. त्या पोराच्या हातचा पुलाव मी किती येळा खाल्लाय. पन आमी गावचे. मला उद्या बी हितंच ऱ्हायाचंय. सोसायटीला न्हाई कसं म्हनू?"

आई म्हणाली की त्यांनाही राहायचंच आहे की. जागामालक हसले, आईला अजून थोडा चहा घेता का विचारलं. त्या सौजन्याने मला जास्त ओशाळल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी फक्त थोडक्यात सांगते. माझ्या प्रत्येक सुट्टीच्या दिवशी आम्ही घरं बघत फिरलो. सांगवी, पिंपळे गुरव, निगडीकडे प्राधिकरणात, वाकड. फोनवर सगळं जमायचं. फॅमिली आहे ना, चालेल. नवरा-बायकोच ना, उत्तम. मग विचारायचे, कुठले? मी सांगायचे. मग कुणाचा भाऊ गावाकडून राहायला येणार असायचा, कुणाच्या घराला रंग द्यायचा असायचा. निगडीत एका बंगल्यात एक शिक्षक होते, निवृत्त, त्यांनी आम्हाला आत बसवलं, तिच्या प्रबंधाबद्दल विचारलं, तिचं फार कौतुक केलं, आपल्या नातीला बोलावून सांगितलं की बघ, किती अडचणीतून शिकतात लोक. आणि निघताना दारात मला एकटीला थांबवून म्हणाले की माणूस म्हणून तुमच्याशी सहमत आहे, पण घर द्यायचं म्हणजे. वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. पूर्ण करायचीही गरज पडू नये, इतके सगळे सारखे. बसमध्ये ती खिडकीपाशी बसून म्हणाली की ते सर चांगले होते. मी हो म्हणाले.

शेवटी मारुंजीत मिळालं. हिंजवडीच्या मुलांसाठी शेताच्या कडेला ओळीने बांधलेल्या खोल्या, वर पत्र्याऐवजी स्लॅब होता एवढंच. पाणी टँकरचं. मालक तरुण होता, त्याला कोण कुठलं याचं काही पडलेलं नव्हतं, त्याला फक्त एक इथलं माणूस जबाबदार म्हणून हवं होतं. काही झालं तर फोन कुणाला करायचा, म्हणाला. मी माझं नाव दिलं, सही केली. आमच्या अध्यक्षांना हे कुठून तरी कळलं आणि त्यांनी मला जिन्यात थांबवून सल्ला दिला की बेटा, तू एकटी कमावती, आई म्हातारी, उद्या अंगाशी येईल. माझ्या भल्यासाठीच सांगत होते. मी त्यांना विचारलं की सुनेची तब्येत कशी आहे. उत्तम, म्हणाले, डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे. यावर त्यांच्या चेहऱ्यावर जराही काही उमटलं नाही. मी बघत होते.

ज्या दिवशी टेम्पो भरला त्या दिवशी गाद्या, पुस्तकं आणि भांडी खाली नेताना लिफ्ट वापरू नका असं सांगितलं गेलं, सामानाने ओरखडे पडतात म्हणून. तिचा नवरा आणि मी जिन्याने खेपा घालत होतो. मधल्या मजल्यावर अध्यक्षांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या की मनात काही ठेवू नकोस हं, आणि तो तुमचा गाजर-बेदाण्याचा पुलाव कसा करतात ते जाता जाता सांगून जा. ती जिन्यात उभी राहून सांगू लागली. आधी गाजराचे लांब तुकडे, मग बेदाणे वेगळे परतायचे. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि खाली आले, कारण अजून थोडा वेळ तिथे थांबले असते तर मी काय बोलले असते मला सांगता येत नाही.

मारुंजीहून विद्यापीठ लांब. तिला दोन बस बदलाव्या लागतात आणि त्यातली एक कधी येईल याचा नेम नसतो. पण करार झाला, पत्ता झाला, नोंद झाली. मुदतवाढीचा अर्ज गेला तेव्हा ओळखीचं माणूस म्हणून मीच बरोबर गेले होते. त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. ती मला रोज फोन करायची नाही, पण आईला करायची, आणि आई बोलणं संपल्यावर मला नुसतं सांगायची, "अजून न्हाई."

एका दुपारी मी कंपनीच्या शॉप फ्लोअरवर होते, प्रेस मशीन चालू होतं, काही ऐकू येत नव्हतं. फोन खिशात थरथरत राहिला म्हणून कॅन्टीनमागे जाऊन घेतला. मुदत वाढवून मिळाली होती, एका वर्षाची. ती रडत नव्हती. तिने सांगितलं की आता तिसरं प्रकरण लिहायला घेते, आणि खालाजानला सांगा. मी आईला फोन केला. आईने फोनवरच कुणाकुणाला हात जोडले ते मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले तर फाटकाशी अध्यक्ष उभे होते, पायात चालायचे बूट. चांगल्या मूडमध्ये होते. इकडचं तिकडचं विचारलं. मग आवाज खाली आणून, कुणी आजारी असलं की काढतात तसा चेहरा करून म्हणाले, "त्या लोकांचं काय झालं हो पुढे? गेले का परत? चांगली माणसं होती बिचारी."

मी म्हणाले, "नाही. इथेच आहेत."

"इथे म्हणजे?" त्यांचा चेहरा जरा आक्रसला. "आपल्या भागात? कुठे राहतात?"

"जवळच," मी म्हणाले, आणि वर गेले. पत्ता मी सांगितला नाही.